कौसाबाईची टाच

खापरथडीच्या भोयांची जमीन वर्षातले चार महिने पाण्याखाली असायची. गावाभोवतीची काळी कसदार रानं गुजर शेतकऱ्यांची, त्यांच्या कपाशीकडे भोयांनी नुसतं बघायचं. भोयांच्या वाट्याला आली तापीची वाळू. पावसाळा सरला, नदी आटून एका अंगाला गेली, की उघड्या पडलेल्या पात्रात ही माणसं कमरेइतके चर खणायची, तळाला शेणखत नि लेंड्या घालायची आणि त्यात डांगराचं, म्हणजे खरबुजाचं बी टोचायची. चैत्रात त्या वाळूतून असा वास सुटायचा की पलीकडच्या काठावरचा माणूस हातातलं काम टाकून उभा राहावा. सुरतेची आगगाडी सुरू झाल्यापासून तर नंदुरबार टेसनावर डांगराच्या पाट्या चढू लागल्या आणि भोयांच्या डोक्यावरची पागोटी जरा तिरपी बसू लागली.

पण वाळूवर हद्द टिकत नाही. बांध घाला, दगड पुरा, पहिला पूर आला की सगळं सफाचट. म्हणून दरवर्षी नव्यानं वाटणी. कार्तिकी पुनवेनंतरच्या पहिल्या सोमवारी सगळी भोईआळी पात्रात उतरायची. भाईदास भोई हा दोराचा मानकरी. अंबाडीचा चाळीस हात लांब दोर त्याच्या घरी देवाजवळ टांगलेला असायचा. ज्याचा वाटा त्यानं उजवी टाच वाळूत रोवायची आणि दोराचं एक टोक टाचेशी धरायचं, भाईदासनं दुसरं टोक ओढत न्यायचं. दोर ताठ झाला की तिथं खुंटी ठोकायची आणि नाव पुकारायचं. खुंटीपाशी पुढच्या घराची टाच. एकवीस घरं, एकवीस टाचा, आणि पहिली अर्थात भाईदासची.

टाच मात्र पुरुषाचीच हवी. बाईची टाच लागली तर तापीमाय रुसते आणि पात्र बदलते, असं सगळे म्हणायचे. तापीमाय स्वतः बाई असून बाईच्याच टाचेवर का रुसते, हे विचारण्याची बुद्धी कोणाला झाली नव्हती. ती झाली कौसाला, आणि तीही बारा वर्षांची असताना.

छप्पन्याच्या दुष्काळात अर्धं माहेर गमावून बसलेली ही पोर एकोणीसशे तीन साली दोधू भोयाची बायको म्हणून खापरथडीत आली. आल्याला महिना झाला नव्हता. दोराच्या दिवशी सगळ्या बाया काठावर डोक्यावर पदर घेऊन गप्प बसलेल्या, आणि ही नवी नवरी तिथूनच ओरडली, "आबा, तापीमाय तं बाईच शे ना? मंग ती बाईवर काब्रं रुसस?"

सासूनं तिच्या तोंडावर हात दाबला, पण शब्द सुटून गेला होता. भाईदास तेव्हा तिशीतला, मिशांना पीळ देणारा. त्यानं दोर खाली ठेवला आणि म्हणाला, "दोधू, तुन्ही बायकोनी जीभ ह्या दोरपेक्षा लांब शे."

सगळं पात्र हसलं. दोधूही हसला, कारण तो बिचारा कशालाही हसायचा. कौसा मात्र हसली नाही. तिला उत्तर मिळालं नव्हतं, आणि उत्तर न मिळालेला प्रश्न सोडून देण्याची सवय तिला जन्मात लागली नाही.

पुढची पंधरा वर्षं तिनं त्या वाळूत काढली. दोधू चांगला होता, पण वाळूत त्याचा जीव रमायचा नाही, त्याला मासे आवडायचे. चर खणायची कौसा, पाणी घालायची कौसा, वारा अडवायला तुरकाठ्यांचं कुंपण करायची कौसा. दोधूच्या वाडीतली डांगरं पाटीत वर मांडा, असं व्यापारी सांगायचे, आणि दोधू खुशीत मान हलवायचा. या काळात खानदेश जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. दिल्लीला बादशहा येऊन गेला. त्याची खबर खापरथडीत पोचेपर्यंत तो बोटीत बसून घरीही गेला असावा. मोठी लढाई लागली, आणि बसरा नावाचं गाव कुठंतरी आहे हे भोयांना कळलं. वाळूला यातलं काहीच कळलं नाही. ती दरवर्षी वाहून गेली आणि दरवर्षी परत आली.

मग अठरा साली मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएंझाचा ताप आला. आठ दिवसांत कौसाच्या घरातून दोधू गेला, सासू गेली आणि थोरला मुलगाही गेला. उरली ती आणि चार वर्षांची रंजना. कौसा इतकी रडली की आता आपल्याला पुन्हा रडू येणार नाही असं तिला वाटलं, आणि दोराचा दिवस आला तेव्हा तिच्या डोळ्यांत खरंच पाणी नव्हतं. मेल्या माणसांच्या जागी त्यांचे भाऊ, पुतणे टाच रोवायला उभे होते. दोधूच्या नावाची पाळी आली तेव्हा त्याचा थोरला भाऊ उखा पुढं सरकला. त्याच्याआधी कौसा काठावरून उतरली, खुंटीपाशी आली आणि तिनं उजवी टाच वाळूत रोवली.

"कौसा, टाच काढ," भाईदास म्हणाला.

"काब्रं काढू? पंधरा वरीस आठेनी वाळू मीच खणी ना?"

"रीत मन्ही नही, बापजादानी शे. उखानी वाडीत काम कर. खावाले भेटी."

"मी खावाले नही मांगी ऱ्हायनी, आबा. मन्हा वाटा मांगी ऱ्हायनी."

भाईदास वाईट माणूस नव्हता, हे इथंच सांगून टाकतो. त्याच्याही घरातून दोन प्रेतं गेली होती. पण ज्याच्या हातात दोर असतो त्याला वाटतं, आपण सैल सोडला तर जग सुटेल. त्यानं दोराचं टोक तिला दिलं नाही. उखा पायाकडे बघत राहिला. शेवटी कौसानं टाच काढली आणि ती काठाकडे न जाता सरळ पाण्याकडे गेली.

नदीच्या मधोमध एक बेट होतं. अलीकडून पुरुषभर खोल धार वाहायची, म्हणून त्याला कोणी दोर लावत नसे. खत तिकडे न्यायचं कसं आणि डांगरं आणायची कशी? कौसानं वाळके भोपळे अंबाडीच्या दोरानं एकत्र आवळले आणि सांगड केली. पहिल्याच दिवशी भर धारेत दोर भिजून आखडला, भोपळा काटकन फुटला आणि बाई दोन-चार घोट तापीमाय पिऊन काठाला लागली. तेव्हापासून ती दोराची गाठ चार बोटं सैल बांधायची. ओला दोर आखडतो हे तिला असं नाकातोंडातून कळलं.

त्या बेटावर कौसाबाईनं एकोणतीस वर्षं काढली. सांगडीवरून खत गेलं, सांगडीवरून डांगरं आली. रंजना मोठी झाली आणि शहाद्याकडे, लोणखेड्याजवळच्या गावात नांदायला गेली. पोटाची चिंता मिटली. मग आणखी काय हवं होतं बाईला, असं गावानं अनेकदा विचारलं. हवा होता वाटा! बेट म्हणजे नदीची मेहेरबानी, एका पुरात गेलं असतं. आणि ज्या घराचं नाव दोरावर पुकारलं जात नाही ते घर भोयांत घर नसतं. त्याला पंचांत बसायला जागा नाही, त्याच्या शब्दाला वजन नाही. तिच्या दारावरून जाताना लोक अजून 'मेल्या दोधूचं घर' म्हणायचे, आणि ते ऐकून दरवेळी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

म्हणून दरवर्षी दोराच्या दिवशी ती पात्रात उतरायची आणि टाच रोवायची. भाईदास म्हणायचा, "काढ." ती विचारायची, "काब्रं?" तो म्हणायचा, "रीत शे." मग ती सांगडीवर बसून बेटावर निघून जायची. इतकी वर्षं हे चाललं की नव्या पोरांना वाटायचं, दोराच्या पूजेतलाच तो एक भाग आहे. एका वर्षी तापामुळं तिला यायला उशीर झाला तर भाईदास दोर हातात धरून काठाकडे बघत थांबला होता म्हणे. हे तो कधी कबूल करणार नाही.

तीस साली ती डांगरं घेऊन नंदुरबारच्या बाजारात गेली असताना एका बैलगाडीवर उभी राहून एक बाई बोलत होती. मिठाचा कायदा मोडायला बायाही निघाल्या आहेत, तुरुंगात जात आहेत. कौसाबाईनं डांगरं विकायची सोडून ते सगळं ऐकलं. सरकारचा कायदा मोडता येतो आणि भाईदासचा मोडता येत नाही, म्हणजे भाईदास सरकारपेक्षा मोठा की काय, असा हिशेब करत ती घरी आली आणि त्या वर्षी तिनं टाच जरा जास्तच खोल रोवली. निघाली मात्र ती दरवर्षीसारखीच.

बेचाळीसच्या भादव्यात नंदुरबारात शाळकरी पोरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ती बातमी आली त्या दिवशी भोईआळीत चुली पेटल्या नाहीत. हिवाळ्यात दोन भूमिगत कार्यकर्ते लपतछपत तापीच्या काठानं आले आणि कौसाबाईनं काही न विचारता त्यांना सांगडीवर घालून बेटावरच्या खोपीत नेलं. पंधरा दिवस ते तिच्या वेलांना पाणी घालत होते. एका दुपारी हवालदार काठावर हजर. त्याला बेट बघायचं होतं, पोहता मात्र येत नव्हतं.

"चाला ना, सायेब, सांगडीवर बठा," कौसाबाई अगत्यानं म्हणाली. "एकच भोपळा फुटेल शे. मागे एक पाव्हना बुडना, पण तो जाडा व्हता."

हवालदारानं आपल्या पोटाकडे पाहिलं, धारेकडे पाहिलं, आणि बेटावर काही नाही असा पक्का तपास काठावरूनच केला. ही गोष्ट भोईआळीत पुढं कितीतरी दिवस पुरली. भाईदाससुद्धा मिशीत हसला. मिशी तोवर पांढरी झाली होती. पण त्या वर्षीही तो "काढ"च म्हणाला.

आणि मग सत्तेचाळीस साल उजाडलं. पंधरा ऑगस्टला चावडीसमोर झेंडा लागला, गूळ वाटला गेला, आणि त्याच महिन्यात तापीला असा पूर आला की पाणी भोईआळीच्या उंबऱ्याला लागलं. पूर ओसरला तेव्हा सगळे काठावर येऊन बघतच राहिले. नदीनं पात्र बदललं होतं. अलीकडची खोल धार वाळूनं भरून गेली होती आणि पाणी बेटाच्या पलीकडून वाहत होतं. कौसाबाईचं बेट आता बेट नव्हतं. ते झिपरू भोयाच्या वाट्याला, म्हणजे गावाच्या शेवटच्या दोराला, लागून आलं होतं.

एकोणतीस वर्षं खत खाल्लेली ती वाळू आता दोराखाली येणार, आणि दोर तिचा नव्हता. एका पुरात वाटाही नाही आणि बेटही नाही.

दोराचा दिवस आला. भाईदास चौऱ्याहत्तर वर्षांचा, हातात काठी. सकाळी देवाजवळचा दोर काढून त्यानं पहिली टाच स्वतःची रोवली, आणि ऊन वर येईपर्यंत एकवीस दोर पडले. झिपरूची खुंटी ठोकून झाली. पुढं बेटाची वाळू पसरली होती, चांगली चार दोर रुंद.

"हाई आते गावनी वाळू," भाईदास म्हणाला. "ज्या घरमा माणसं जास्त त्यासले चार वाटा द्या."

कौसाबाई पुढं झाली. छप्पन्न वर्षांची, केस पांढरे, पिंढऱ्या अजून पोहणाऱ्या बाईच्या. तिनं टाच रोवली.

"काढ."

"तुम्हीच सांगतस ना, बाईनी टाच लागनी तं नदी पात्र बदलस? कोनी लागू दिधी नही, तरी बदलनं ना?"

"तू एकोणतीस वरीस लावी ऱ्हायनी, म्हणीसनच बदलनं!"

पात्र हसलं. उखा, तिचा थोरला दीर, म्हातारा होऊन मऊ झाला होता. तो हळूच म्हणाला, "कौसा, मी लावस टाच. नाव मन्हं, पीक तुन्हं. कोनी काही बोलाव नही." तो मनापासून म्हणत होता. हो म्हटलं असतं तर त्या क्षणी सगळं मिटलं असतं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिला मोह झालाही. एकोणतीस वर्षांनी माणूस थकतो. तिनं मान खाली घातली, आणि तिची नजर भाईदासच्या हातातल्या दोरावर गेली. सकाळपासून ओल्या वाळूतून फरफटलेला, काठाच्या डबक्यातून ओढलेला दोर. काळा पडलेला. टपकत होता.

अरे, हा तर भिजला आहे!

"नही, उखाभाऊ," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "आबा, टाच मी काढस. पण पहिले एक करा. हाऊ दोर तुम्हना वाट्यावर परत लावा."

"काब्रं?" भाईदासनं विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा त्यानं विचारला होता.

"लावा तं खरं."

चार तरुण दोर घेऊन पार पहिल्या टोकाला गेले. मागोमाग सगळी आळी. भाईदासच्या टाचेचा खड्डा अजून तसाच होता. तिथं एक टोक धरलं, दुसरं ओढलं, आणि दोर ताठ झाला. खुंटी पुढं राहिली. चांगली तीन हात पुढं.

भाईदासनं दोर हिसकावून घेतला आणि स्वतः ओढला, म्हातारपणाचं सगळं बळ लावून. तीन हात. मग तो गुडघे टेकून कोपरानं दोर मोजू लागला. सदतिसाला दोर संपला.

"सकाळले दोर कोरडा ऱ्हास," कौसाबाई म्हणाली, "दुपारले वल्ला. वल्ला दोर आखडस. मन्हा भोपळा फुटना तैन्हपाईन माले ठावं शे."

झिपरू भोयानं आधी भाईदासच्या खुंटीकडे पाहिलं, मग लांबवर आपल्या खुंटीकडे. झिपरूची वाळूच दळभद्री, असं त्याच्या आज्यापासून सगळे म्हणत आले होते. त्यालाही ते खरंच वाटायचं. त्यासाठी त्यानं दोनदा कोंबडंही कापलं होतं. आता त्याचा चेहरा लालभडक झाला. "मन्हा बाप! मन्हा आजा! तीन-तीन हात!" आणि मग शेवटची आठ-दहा घरं एकदमच ओरडायला लागली.

भाईदास तसाच वाळूत बसला होता. "मन्हा बापनी बी असंच मोजं," तो म्हणाला. "मी चोर नही." कौसाबाईला त्याची दया आली, आणि दया आली याचा तिला रागही आला.

"चोर कोन म्हनस? रीत खोटी निंघनी, तुम्ही नही," ती म्हणाली. "पण एक खोटी निंघनी तं दुसरी बी तपासा. हाऊ दोर तीन हात गिळी गया, तुम्हले कळनं नही. मन्ही टाच मात्र बराबर दिसस तुम्हले!"

या वेळी कोणी हसलं नाही. भाईदास काठी टेकून उठला, डबक्यापर्यंत गेला आणि अख्खा दोर त्यानं पाण्यात बुडवला. पुरता भिजेपर्यंत त्यानं हात वर काढला नाही.

"वल्ला तं वल्ला," तो म्हणाला. "आते सम्दासले सारखाच. झिपरू, यंदा शेवटथाईन मोजाव. आणि शेवट आते बेटवर शे." त्यानं मान वर केली. "कौसाबाई, टाच लाव."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिच्या नावाला 'बाई' जोडलं होतं. सगळी आळी परत बेटाकडे आली, आणि कौसाबाईनं बेटाच्या कडेला, पाण्याजवळ, उजवी टाच रोवली. वाळू थंड होती. पुन्हा कधी येणार नाही असं वाटलेलं रडू आता आलं, आणि तिनं ते लपवलं नाही. दोर ताठ झाला, खुंटी बसली, आणि भाईदासनं फाटक्या आवाजात पुकारलं, "कौसाबाईना वाटा!"

झिपरू तर नाचायचाच बाकी होता. "चारी दोर तिलेच द्या!" तो ओरडला. "बेट तिन्हं शे!" आणखी दहा जण ओरडले. भाईदासही मान डोलावू लागला.

चारी तिचे होतेच की. एकोणतीस वर्षांचं खत होतं त्यात. कौसाबाईनं त्या वाळूवरून एकदा नजर फिरवली. मग तिनं काठाकडे पाहिलं. तिथं तीन बाया डोक्यावर तुरकाठ्यांचे भारे घेऊन उभ्या होत्या. कालीबाई, रमीबाई आणि धनीबाई. तिघी विधवा, तिघी दिरांच्या वाडीत पोटावारी राबणाऱ्या. कालीबाईचा नवरा तर मानमोडीतच गेला होता, आणि गेल्या एकोणतीस वर्षांत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"माले एक दोर पुरे," कौसाबाई म्हणाली. "तीन टाचा तठे उभ्या शेत. आबा, त्यासले बलावा."

दिरांची तोंडं उघडली आणि झिपरूकडे बघून मिटली. भारे खाली पडले. रमीबाई हसत-रडत आली, धनीबाई तिचा पदर धरून आली. कालीबाई सगळ्यांच्या मागून आली. खुंटीपाशी थांबली, लुगडं जरा वर खोचलं, आणि आपली भेगाळलेली टाच तिनं वाळूत अशी दाबली की घोट्यापर्यंत पाय आत गेला. दोराचं टोक तिनं मुठीत धरलं. भाईदास दुसरं टोक ओढत पंचवीसेक पावलं गेला, थांबला, खुंटी लावायला वाकला.

"आबा!" कालीबाई ओरडली, आणि तिचा आवाज पार पलीकडच्या काठाला जाऊन आदळला. "ढिला शे! ताठ धरा!"

भाईदासनं दोर ताठ धरला.